नदीचे माहेर

घरातली सारी मंडळी मिळून कुठे प्रवासाला निघाली, की त्यांतले एक माणूस पिशव्यांपाशी बसण्यासाठीच जन्माला आलेले असते. बाकीचे गड चढतात, लेणी पाहतात, धबधब्याखाली भिजून येतात. हे माणूस पायथ्याच्या झाडाखाली पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि एखादे झोपलेले मूल सांभाळीत बसते. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते. गाडीतून उतरता उतरताच ते म्हणते, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच." मग इतर मंडळी, दोनदा आग्रह केल्याची नोंद मनाशी करून, चालू लागतात.

आमच्या घरी हे काम आईकडे असे. ते ती इतक्या सहजपणे करी, की ते काम आहे असे कोणाला वाटतच नसे. १९९३ साली आम्ही रायगडाला गेलो. तेव्हा तिथे रोपवे नव्हता. तो १९९६ साली आला. धाकटा भाऊ सव्वा वर्षाचा होता. त्याला मांडीवर घेऊन आई चित्त दरवाजाच्या वाटेपाशी एका टपरीत बसली आणि आम्ही जगदीश्वराचे देऊळ, महाराजांची समाधी, टकमक टोक असे सारे पाहून, उन्हाने लालबुंद होऊन उतरलो. अजिंठ्याला ती म्हणाली, "आत काळोख असतो म्हणतात. मला काय दिसणार?" सिंहगडावर मोटार जाते, त्यामुळे तेवढा एक गड तिचा पाहून झाला.

तिने काहीच पाहिले नाही, असे मात्र म्हणता यायचे नाही. माझी मुले तिला विचारतात, "आजी, तू रायगड पाहिलास?" ती म्हणते, "पाहिला की! खालून." आणि मग ती त्या टपरीतल्या ताकवालीची हकिकत सांगते. तिच्या दोन म्हशी, त्यांतली एक दूध चोरणारी. तिची पाचवीत शाळा सुटलेली मुलगी. गडावर ताकाची चरवी डोक्यावर घेऊन जाताना कोणत्या वळणावर दम खायचा, याचे तिचे ठरलेले दगड. रायगडावर मी तीन-चार पुस्तके वाचली आहेत. ही बाई त्यांतल्या एकातही नाही. तेव्हा पायथ्याशी बसणाऱ्यांची कीव करण्याच्या मी विरुद्ध आहे. पण आपल्याला वर जावेसे वाटते की नाही, हे त्या माणसाला कधी कोणी विचारतच नाही, हेही तितकेच खरे.

२०२४ च्या उन्हाळ्यात आईचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आधी उजव्या डोळ्याचे, महिन्याने डाव्या. गढूळ झालेले भिंग काढून त्याजागी नवे, स्वच्छ भिंग बसवतात. काम पाऊण तासाचेही नाही. पट्टी निघाल्यावर आईने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "अग बाई, छताला एवढी जळमटं!" पुढचे आठ दिवस तिने आमच्या घराची जी झाडाझडती घेतली, ती सांगण्यात अर्थ नाही. डब्यांची झाकणे, गॅसची शेगडी, माझ्या साड्यांच्या कडा, कशातून काही सुटले नाही.

घरातले दोष संपल्यावर तिची दृष्टी बाहेर गेली. आई-बाबा आता पुण्यात, आमच्याच इमारतीत राहतात. एका संध्याकाळी गच्चीवर उभी असताना ती म्हणाली, "त्या डोंगरावर काठीसारखं काय उभं आहे ग?" तो सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा. आठ वर्षे ती त्या गच्चीवर कपडे वाळत घालीत होती. "इतक्या लांबचं दिसतं होय?" असे म्हणून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. नंतर रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाऊ लागली. मला वाटते, डोळे जवळचे दाखवतात तोवर माणूस घरकाम करते. लांबचे दाखवू लागले की त्याच्या मनात नाही नाही ते विचार येऊ लागतात.

त्याच सुमारास आमच्या घरी कळसूबाईचा विषय निघाला. धाकट्याच्या भूगोलात तो प्रश्न होता. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतोच : राज्यातले सर्वांत उंच शिखर कोणते? कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. आपण हे पाठ करतो, एक गुण मिळवतो आणि आयुष्यभर त्या शिखराकडे फिरकत नाही. यजमान म्हणाले, "दिवाळीपूर्वी एकदा जाऊन येऊ." मुलांनी उड्या मारल्या. मी नकाशा काढला. तेवढ्यात भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "मीपण येणार."

"येच की," मी म्हणाले. "बारी गावात राहायची सोय होते. तू आणि बाबा..."

"बारीत नाही. वर."

घरात कुणीच काही बोलेना. मग बाबांनी गुडघ्यांचा मुद्दा काढला. तिचे गुडघे कसे दुखतात, जिना उतरताना ती कठड्याला कशी धरते, याची त्यांनी तारीखवार जंत्रीच सांगितली. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनीत गेली आहे. आईने सारे ऐकून घेतले. "गुडघे माझे आहेत," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या गोळा करून आत गेली.

थोरलीने शाळेसाठी गिर्यारोहकांची माहिती जमवली होती. तिने ती लगेच आजीच्या बाजूने वापरली. १९७५ साली जपानच्या जुन्को ताबेई एव्हरेस्टवर गेल्या, त्या तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्री. १९८४ साली आपल्या बचेंद्री पाल. "आणि आजी, तामाए वातानाबे म्हणून आहेत, त्यासुद्धा जपानच्याच. २००२ साली त्रेसष्टाव्या वर्षी त्या एव्हरेस्टवर गेल्या. अगदी तुझ्या वयाच्या! आणि दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, पुन्हा गेल्या."

"पुन्हा?" आईने विचारले. "का बरं? काही विसरल्या होत्या का वर?"

एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई अशा पाच रचल्या तरी ती शिगेला पोचत नाही. हा हिशेब धाकट्याने मांडून दाखवला, तेव्हा आई म्हणाली, "मग एक पंचमांशाहून कमीच आहे की! जमेल."

तिची तयारी मात्र तिने एकटीने केली. आमची इमारत चार मजल्यांची आहे. दीड महिना ती सकाळ-संध्याकाळ जिना चढत होती, सुरुवातीला एकदा, मग तीन-तीनदा. या वयात ही बाई उगीच जिने का चढते, असे शेजारणींनी विचारू नये म्हणून तिच्या हातात दर वेळी वाळवणाचे ताट असे. ताट रिकामेच असे. पावसाळ्याचे दिवस, वाळवण कसले घालणार? पण ताटाकडे कुणाचे लक्ष जात नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

दसरा झाल्यावर आम्ही निघालो. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने संगमनेर आणि तिथून डावीकडे वळून अकोले, राजूर, बारी. संगमनेरच्या पुलावर आईने काच खाली केली. "ही प्रवराच ना?" बाबा म्हणाले, "प्रवराच." अकोल्याला ती पुन्हा दिसली, तेव्हा आईने पुन्हा तेच विचारले. राजूरच्या पुढे डोंगर जवळ आले, भाताची खाचरे पिवळी पडू लागलेली, बांधांवर नाचणी आणि वरई. मुलांची गाण्याच्या भेंड्यांची चौथी फेरी चालली होती. आई काचेला कपाळ लावून बसली होती.

बारी हे पायथ्याचे गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात येते. डोंगराच्या पलीकडची बाजू नाशिकची. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. ज्या घरी आम्ही उतरलो, तिथल्या आजोबांनी रात्री जेवताना कळसूची गोष्ट सांगितली. ती जुन्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे, पण भाकरीबरोबर ऐकण्यात मौज निराळी. कळसू ही कोळ्यांची पोर, रानात रमणारी. एकदा ती डोंगराखालच्या इंदोऱ्याला आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली : सांगाल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही नि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितले. तिने भांडी घासली, केरही काढला. आणि जी उठली ती सरळ डोंगर चढून शिखरावर गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती कचरमेळ.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या पुराणांतल्या बायका शाप देतात, अग्नीत शिरतात, भूमीत जातात. ही नुसती हात धुऊन निघून गेली. आईकडे पाहिले, तर ती त्या घरच्या सुनेला ताटे उचलायला मदत करीत होती.

पहाटे सहाला आम्ही निघालो. बाबा ओसरीवर, पिशव्यांपाशी, वर्तमानपत्र घेऊन बसले. निघताना ते आईला म्हणाले, "घाई करू नका." बाबा आईला एरवी "अग" म्हणतात. त्या सकाळी "नका" का आले, कोण जाणे.

गावाबाहेर ओढा ओलांडून थोडे चढले, की देवीचे एक देऊळ लागते. ज्यांना शिखरापर्यंत जाववत नाही त्यांनी इथेच दर्शन घ्यावे, अशी ती सोय. आईने हळदकुंकू वाहिले, घंटा वाजवली. आता ही इथेच बसते की काय, असे माझ्या मनात आले. पण तिने पदर खोचला आणि थोरलीचे जुने कॅनव्हासचे बूट एकदा दगडावर आपटून पाहिले.

बारीपासून शिखरापर्यंतचा चढ सुमारे आठशे मीटरचा. वाट कधी खडकातून कोरलेल्या पायऱ्यांची, कधी मातीची. दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. समोर डोंगराचे थर उघडे दिसत होते. सह्याद्रीचा हा खडक काळा, बसाल्टचा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, असे पुनःपुन्हा होऊन एकावर एक थर साचले. पुढे पाऊस आणि ओढे यांनी ते कोरून काढले ते हे डोंगर. मी हे मुलांना समजावून देत होते. आई मागून म्हणाली, "भाकऱ्यांची चवड." आणि खरोखरच तसे दिसत होते. वरची जरा करपलेली, खालच्या जाड, एखादी कडेने मोडलेली.

दर पन्नास पावलांनी ती थांबे. थांबली की कमरेवर हात ठेवून लांब पाही, आणि काय दिसते ते सांगे. ते घर. ती बैलजोडी. ती शाळेची मुले असावीत, ओळीने चालली आहेत. माझे डोळे तिच्याहून तेवीस वर्षांनी तरुण, पण मला त्यातले निम्मे दिसत नव्हते. कारण मी घड्याळ पाहत होते. आमच्या मागून निघालेली तरुणांची दोन टोळकी आम्हांला ओलांडून गेली. त्यांच्याजवळ गाणी वाजवणारी पेटी होती. डोंगरावर येऊन गाणी कशाला वाजवायची, आणि चिवड्याच्या रिकाम्या पुड्या कुणासाठी टाकून जायच्या, हे मला उलगडलेले नाही. आईने वाटेतल्या सहा पुड्या उचलून आपल्या पिशवीत घातल्या. तीही तिची जुनीच सवय.

आम्हांला ओलांडून गेलेल्यांत एक बाईही होती. आईहून थोडी लहान, काष्टा घातलेली, अनवाणी. डोक्यावर पाटीत काकड्या, लिंबे आणि पाण्याचा कॅन. वरच्या एका टप्प्यावर तिचे सरबताचे दुकान; दुकान म्हणजे चार काठ्या आणि एक प्लॅस्टिकचा कागद. आम्ही तिथे पोचलो तेव्हा तिची दोन गिऱ्हाइके होऊन गेली होती.

"रोज येता?" आईने विचारले.

"रोज न्हाई. शनवार-रयवार, नि सुटीच्या दिशी. नवरात्रात मातर रोज."

"दमत नाही?"

"दमून कसं भागंल?"

आमच्या दीड महिन्याच्या तयारीचा पराक्रम हा असा एका काकडीच्या फोडीवर उतरला. आई मात्र खट्टू झाली नाही. ती त्या बाईच्या शेजारी बसली आणि पाच मिनिटांत त्यांचे भाताच्या भावापर्यंत आले. "वर गेल्यावर काय बघता हो?" आईने विचारले. बाई हसली. "गिऱ्हाईक."

पुढे शिड्या लागल्या. कड्याचा जो भाग पूर्वी साखळ्या धरून चढत, तिथे आता लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. कठडे आहेत, धोका नाही. पण पायऱ्यांच्या फटींतून खालची दरी दिसते. मुले माकडासारखी वर गेली, त्यांच्यामागे यजमान. आई चार पायऱ्या चढली, तिने खाली पाहिले, आणि तशीच मागे पावले टाकीत उतरून एका दगडावर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जुने डोळे असते तर त्या फटींत तिला नुसते धुके दिसले असते.

मी पाणी दिले. घाई नाही म्हटले. इथूनही पुष्कळ दिसते, असेही म्हटले. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "तू ये जाऊन वर. मी बसते इथेच."

हे शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यभर ऐकत आले आहे. या वेळी ते तिने स्वतःही ऐकले, असे मला वाटते. कारण ते बोलून झाल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. खाली वाऱ्याने गवत हलत होते. वरून धाकटा ओरडत होता, "आजी, ये ना!" मी उत्तर दिले नाही. काय बोलावे ते खरोखरच सुचेना.

तेवढ्यात ती सरबतवाली वर निघाली. तिच्या भाचीचे दुकान शिखराखालच्या विहिरीपाशी होते, तिला लिंबे पोचवायची होती. आईला बसलेली पाहून ती थांबली. सारे तिच्या ध्यानात आले असावे. "आजी, खाली नगा बघू," ती म्हणाली. "वरबी नगा बघू. माझ्या टाचा बघत या."

आई उठली. एका हाताने कठडा, दुसऱ्याने पदर, ओठांत रामरक्षा. तिच्या पुढे त्या बाईच्या भेगाळलेल्या टाचा, मागे मी. एक शिडी, मग थोडी वाट, मग दुसरी. मधल्या सपाटीवर ती थांबली नाही; थांबले तर पुन्हा बसेन, असे म्हणाली. शेवटची शिडी संपली तेव्हा साडेदहा वाजत आले होते. माणसे तीन तासांत चढतात तो डोंगर आम्ही साडेचार तासांत चढलो.

शिखर फारसे मोठे नाही. मधोमध देवीचे छोटेसे देऊळ, शेंदूर, झेंडे, आणि वारा. देवळात एका वेळी चार-पाच माणसे मावतात. आईने खणानारळाने ओटी भरली. कळसूला ती मनात काय म्हणाली ते मी विचारले नाही. घासायचा तांब्या मात्र तिने आणला नव्हता, हे सांगायला हवे. घरून निघताना ती देवाला तांब्या न्यावा म्हणत होती आणि गोष्ट ऐकल्यावर तिने तो बारीतच ठेवला.

मग आम्ही दिशा ओळखू लागलो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड शेजारी शेजारी. पूर्वेकडे औंढा, पट्टा. उत्तरेला मैदान उघडत जाते. दक्षिणेकडे पाहिले तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेला, निळा. आईने विचारले, "ते पाणी कसलं?"

"भंडारदरा धरणाचं. १९२६ साली बांधून पूर्ण झालं."

"म्हणजे प्रवरेचं?"

"हो."

"मग प्रवरा येते कुठून?"

यजमानांनी पाण्यापलीकडचा रतनगड दाखवला, शेजारचा त्याचा खुट्टा दाखवला. त्या डोंगरावर प्रवरा उगम पावते, खाली रतनवाडीला येते, आणि मग धरणात. आई त्या बोटाच्या रोखाने पाहत होती. पाहता पाहता ती मटकन खाली बसली. मी घाबरले. पण तिला काही झाले नव्हते.

माझी आई नेवाशाची. नेवासे प्रवरेच्या काठी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती तिथेच, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैसाचा खांब अजून आहे. मोहिनीराजाचे देऊळ आहे. देवदानवांना अमृत वाटले ते याच गावी, असे गावकरी मानतात, आणि प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. हे सारे मला माहीत होते. आजोळी मी अनेक सुट्या काढल्या आहेत. आईने त्या वाऱ्यात बसून जे सांगितले ते मात्र मी प्रथमच ऐकत होते.

ती दहा वर्षांची असताना रोज सकाळी घाटावर धुणे घेऊन जाई. एकदा पूर ओसरल्यावर काठाला एक लाकडी नांगर लागलेला तिला दिसला. चांगला, नवा, फाळासकट. कुणाचा असेल? कुठून आला असेल? तिने घरी येऊन वडिलांना विचारले, नदी कुठून येते? आजोबा पूजेला बसले होते. ते म्हणाले, डोंगरातून. कुठल्या डोंगरातून? तिकडच्या. पोरीने फार प्रश्न विचारू नयेत, असा तो काळ. तिने पुन्हा विचारले नाही. पण धुणे आपटताना वर, पश्चिमेकडे पाहत राहण्याची खोड तिला लागली. नेवाशाहून डोंगर दिसत नाही. सपाट काळी जमीन, ऊस, आणि आभाळ. लग्न झाल्यावर श्रीरामपुरास आली. तिथे प्रवरेचा कालवा होता, नवरा पाटबंधारे खात्यात होता, घरात रात्रंदिवस पाण्याच्याच गोष्टी चालत. नदी कुठून येते ते मात्र कुणी दाखवले नाही.

"विचारायचंस की बाबांना," मी म्हणाले.

"विचारलं होतं," आई म्हणाली. "ते म्हणाले, अकरा हजार एकोणचाळीस."

भंडारदऱ्याची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. आमच्या घरात हा आकडा रामरक्षेइतकाच पाठ आहे.

ती अर्धा तास तिथून हलली नाही. मुलांनी डबे उघडले, तिला धपाटे नेऊन दिले, ते तिने हातातच धरून ठेवले. पाण्यावर ढगांच्या सावल्या फिरत होत्या. एकदा तिने धाकट्याला जवळ बोलावून बोटाने वाट दाखवली : तिथून निघते, मग ते पाणी, मग त्या खिंडीतून खाली, काल आपण पाहिली ती अकोल्याला, मग संगमनेरला, आणि मग लांब, लांब, तिकडे. तिकडे पूर्वेला उन्हाच्या धुरकटपणात काहीच दिसत नव्हते. तिला दिसत होते, असा तिचा आवाज होता.

उतरण्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. गुडघ्यांनी व्हायचा तो त्रास दिला. शेवटचा तासभर ती यजमानांच्या खांद्याचा आधार घेऊन तिरकी तिरकी उतरली. बाबा गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांच्या काखेतले वर्तमानपत्र उघडलेले दिसले नाही. नांगराची हकिकत ऐकून त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "धरणाच्या वरचा नांगर खाली नेवाशाला येणं शक्य नाही. तो अकोल्याचा असेल, किंवा फार तर संगमनेरचा."

दुसऱ्या दिवशी परत निघायचे, असा बेत होता. आईने तो मोडला. जलाशयाला वळसा घालून आम्ही रतनवाडीला गेलो. तिथे अमृतेश्वराचे जुने देऊळ आहे, बाहेरच्या भिंती कोरीव कामाने भरलेल्या. कुणी जाणता माणूस बरोबर असता तर दिवस पुरला नसता. आम्ही घाईनेच पाहिले, कारण आई आधीच ओढ्याकडे गेली होती.

ओढाच तो. गुडघाभर पाणी, गोटे, काठावर म्हशी. एक मुलगी दगडावर गोधडी धूत होती. आईने बूट काढले, मोजे काढले, साडी वर घेतली आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. पाणी इतके स्वच्छ होते, की तिच्या पायांची सुजलेली बोटे मोजता येत होती. बाबाही विजार दुमडून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. या पाण्याची नोंद त्यांनी तेहतीस वर्षे ठेवली होती. ओले ते प्रथमच झाले.

"आजोबा," धाकट्याने काठावरून विचारले, "हे आत्ताचं पाणी नेवाशाला कधी पोचेल?"

बाबा गंभीर झाले. "आधी भंडारदरा," ते म्हणाले. "मग खाली निळवंडे. मग ओझरचा बंधारा. तिथून डावा कालवा, उजवा कालवा. कालव्यांना जायचं ते जाईल, उरलेलं नदीत. आवर्तन कधी सुटतं त्यावर आहे सगळं."

"पोचेल ना पण?" आईने विचारले.

"पोचेल," बाबा म्हणाले. "तारीख सांगता येणार नाही."